काकीची गावजबान कोणी उपटली

अन्याय माझ्या काकीवर झाला. कधी, तेही सांगते: गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की आहे, कारण त्याच मिनिटाला मोहिमेच्या ग्रुपवर फोटो आला. फोटोत आमचं फाटक होतं, फाटकाच्या आत काकीचा मोकळा झालेला वाफा होता, कडेला उपटलेल्या रोपांचा ढीग होता आणि ढिगामागे हातमोजे घातलेली चार माणसं अंगठे दाखवत उभी होती. खाली लिहिलं होतं, "दीदी, पूरा साफ कर दिया." दीदी म्हणजे मी. मीही अंगठा पाठवला.

मोहीम गाजरगवताविरुद्ध होती. त्या ढिगात गाजरगवताचं एकही रोप नव्हतं. सगळी गावजबान होती.

गावजबान कोणाला माहीत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी त्याच घरात राहते आणि मलाही माहीत नव्हती. आम्ही वर राहतो, काकी-काका खाली. आमचा जिना त्या वाफ्याला लागूनच आहे. मी रोज चार वेळा त्याच्या शेजारून जायचे, फोनवर बोलत. एकदा काकीने त्याच्या कोवळ्या पानांची भजी वर पाठवली होती. चव काकडीसारखी लागली. मी सहा खाल्ली आणि कशाची आहेत ते विचारलं नाही.

हे थंडीतलं झाड आहे. गुडघ्याच्या वर येतं. पान जाड, त्यावर पांढरे ताठ केस, हाताला गाईच्या जिभेसारखं खरखरीत लागतं, म्हणून नाव तसं. कळ्या मान खाली घालून असतात, आधी गुलाबीसर दिसतात, उमलल्या की निळ्या होतात. पाच पाकळ्यांचं चांदणीसारखं फूल, मधोमध काळं टोक. मधमाशी त्याला खालून लटकते. काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे पुडीत वाळकी फुलं मिळतात, काढ्यात टाकायला. काकीला मात्र ती काढ्यासाठी नको होती. तिला मधमाश्या हव्या होत्या.

काकी प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. रिटायर झाली तेव्हा शाल आणि नारळ मिळाला. शाल तिने कपाटात ठेवली, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी फाटकाजवळची फरशी उखडून वाफा केला. त्यात कारली लावली. वेल मांडवावर चढला, पिवळी फुलं आली आणि गळून पडली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. आमच्या गल्लीत मधमाश्याच येत नव्हत्या. काकी रोज सकाळी रंगाच्या ब्रशने एका फुलातलं पिवळं दुसऱ्या फुलाला लावायची, चष्मा नाकावर ओढून, वह्या तपासाव्या तशी. शाळेत तिच्याबरोबर एक उर्दूच्या बहनजी होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कागदात बांधून काळे दाणे आणले. "ये लगाओ बहनजी, मक्खी अपने आप आएगी. बारिश खत्म हो जाए तब डालना, और उखाड़ के दूसरी जगह मत लगाना, बुरा मान जाती है."

त्यांच्या अंगणात ती कितीतरी वर्षं होती. आमच्या काळ्या मातीची, इथल्या मार्चच्या उन्हाची तिला सवय झालेली होती. पुढे त्या बहनजींची बदली झाली आणि मग त्यांचा नंबर लागेनासा झाला.

काकीने काळ्या मातीत नदीची रेती मिसळली, कारण नुसत्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं आणि मूळ सडतं. शेणखत कमी घातलं, कारण खत जास्त झालं की नुसती पानं माजतात आणि झाड आडवं पडतं. दाणा बोटाच्या एका पेराएवढा खोल. दोन रोपांत वीतभर अंतर. पाणी बुंध्याशी, पानांवर नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की काकी फाटकाशी वाकलेली आहे आणि कारल्याची भाजी आठवड्यातून तीनदा होते.

दुसऱ्या वर्षापासून पेरायची गरजच उरली नाही. दाणे पिकले की आपोआप गळतात, छज्ज्याखालच्या जागेत पावसाचं पाणी साचत नाही, त्यामुळे ते तिथेच पडून राहतात. दसऱ्यानंतर काकी माती मोकळी करून पाणी शिंपडायची आणि रोपं आपसूक वर यायची. जमिनीतच बी आहे म्हणून घरात राखायचं कारण नव्हतं. जास्तीचं बी तिने वाटून टाकलं. एक पुडी राजपुऱ्यातल्या एका बाईंना, एक जसोंडी गावातल्या मावसबहिणीला.

आता पत्रकाविषयी. ते मी लिहिलं होतं.

आमचा गट तरुणांचा आहे. आम्ही पत्रकं काढतो, लोकांना एकत्र करतो, निवेदनं देतो. पत्रक कसं लिहायचं याचं मला रीतसर शिक्षण मिळालं आहे: वाक्य छोटं, हुकूम स्पष्ट, शेवटी घोषणा. गाजरगवताचं पत्रक एका बाजूने हिंदीत, एका बाजूने मराठीत होतं. मराठी बाजूला लिहिलं होतं की ते कुंपणाच्या कडेला कोणी न लावता उगवतं, पानं खरखरीत असतात. हात लावल्यास खाज येते, हातमोजे घाला. फुलं येण्याआधी मुळासकट उपटा, नाहीतर बी पसरेल. आणि तळाला, सगळ्यांत मोठ्या अक्षरात: शंका आली की उपटा!

या ओळीचा मला अभिमान होता. बैठकीत तिला टाळ्या पडल्या होत्या. हिंदी बाजूला 'शक हो तो उखाड़ो' असं होतं, त्यालाही पडल्या.

आता हे वर्णन काकीच्या वाफ्याला लावून पाहा. कुंपणाच्या कडेला, होय. कोणी न लावता, होय. केसाळ पानांनी हाताला खाज, होय. फुलं अजून यायची होती, त्यामुळे निळा रंग मध्ये पडून काही सांगू शकत नव्हता. फोटोतल्या त्या चौघांत एकजण वनस्पतीशास्त्र शिकणारी होती. तिने नंतर मला सांगितलं की तिला शंका आली होती. शंका आल्यावर काय करायचं ते पत्रकात होतं.

मी त्या वेळी दुसऱ्या गल्लीत माइक घेऊन उभी होते. काकी लग्नाला तुकईथडला गेलेली होती. काका घरी होते, ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत.

संध्याकाळी काकी बुंदीची पिशवी घेऊन आली. फाटक उघडून ती तिथेच थांबली. मी जिन्यात होते.

"हे कोणी केलं?"

काकांनी पेपर खाली केला. "हिच्या माणसांनी. मी चहा दिला."

"तुम्ही बसून पाहत होता?"

"मला वाटलं तूच बोलावलंय. इतकी शिस्तीत उपटत होती. मुळासकट."

काकी माझ्याकडे वळली. "ढीग कुठाय?"

"खड्ड्यात पुरला."

"खोल?"

"पत्रकात दोन हात म्हटलंय."

"पत्रक आण."

मी वरून पत्रक आणलं. काकीने बुंदीची पिशवी काकांच्या मांडीवर ठेवली, पर्समधून लाल पेन काढला आणि उभ्या उभ्याच तपासायला घेतलं. 'ओळखा' या शब्दाखाली रेघ, समोर: चित्र कुठे? 'पानं खरखरीत' समोर: आकार? दोडक्याचं पानही खरखरीत असतं. 'फुलं येण्याआधी' समोर: मग ओळखणार कसं? शेवटच्या घोषणेवर तिने काही लिहिलं नाही, नुसता गोल केला. मग वरच्या कोपऱ्यात दहापैकी दोन. दोन कशाचे ते मी विचारलं.

"हातमोज्यांचे," ती म्हणाली.

काका म्हणाले, "पोरीने चांगल्या मनाने केलं गं."

"मनाला मार्क नसतात."

हे सगळं ती आवाज न चढवता बोलत होती. मला आरडाओरडा झेपतो, त्याची सवय आहे. मी माफी मागायला सुरुवात केली, पण तिने हात वर केला. वर्गात गोंधळ झाला की करत असेल तसा. "मी तुझ्यावर रागवले नाही. मला बी पाहिजे. घरात एक दाणा नाही. जमिनीत होते ते सगळे उगवले होते, ते तू पुरलेस. बी आण."

पुढचा महिनाभर तिने तो रिकामा वाफा रोज भिजवला, एखादा दाणा मागे राहिला असेल म्हणून. त्यात माठाची दोन रोपं आली. आणि गाजरगवताचं एक आलं, खरं.

मी ऑनलाइन पाकीट मागवलं. पाकिटावर निळं फूल छान छापलेलं होतं. काकीने दाणे तळहातावर घेऊन पाहिले, म्हणाली टाकून बघू. दोन उगवले, आठ दिवस पिवळे पडून उभे राहिले आणि बुंध्याशी सडले. रेती होती, पाणी बेताचं होतं. काकीने पाकीट उलटून कुठून आलंय ते वाचलं. "थंड गावातलं आहे. त्याला आपल्याकडे काय माहीत."

मी गटाच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, चूक झाली आहे, दुरुस्तीचं पत्रक काढू या. तिथे जे झालं त्याचा मला अजून राग आहे, म्हणून जसं झालं तसं लिहिते. एकाने विचारलं की नुकसान नक्की किती रोपांचं? मी म्हटलं तीसेक. त्याने वहीत तीस लिहिलं. दुसऱ्याने विचारलं की झाड दुर्मीळ यादीत आहे का? मी म्हटलं नाही, काकीच्या यादीत आहे. लोक हसले. मग ठराव झाला: मोहीम यशस्वी झालेली असताना दुरुस्ती काढल्यास कार्यकर्त्यांचं मनोबल खचेल, सबब विषय पुढील बैठकीवर. पुढील बैठकीला तो विषय पहिल्या पानावर नव्हता, मागच्या पानावरही नव्हता. मी स्वतःच हाताने चार ओळी लिहून ग्रुपवर टाकल्या. त्यावर तीन जणांनी हात जोडले आणि एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्या दुसऱ्या कोणाला होत्या.

मग मी राजपुऱ्याला गेले. तिथे काकीच्याच शाळेतल्या एक बाई राहतात, त्याही रिटायर. काकीने पहिली पुडी त्यांना दिली होती. बाईंच्या फाटकावर माझं पत्रक चिकटवलेलं होतं, चारी कोपऱ्यांना टेप लावून. त्या मला पाहून इतक्या खूश झाल्या की मला आत जाऊन बसावंच लागलं.

"अरे बेटा, तूच का ती लिहिणारी? तुझ्या काकांकडून कळलं, तुझी काकी काही सांगतच नाही! बहुत अच्छा लिखा. मी पूर्ण वाचलं, यांनाही वाचून दाखवलं."

"बाई, काकीने तुम्हाला गावजबानचं बी दिलं होतं."

"दिलं होतं ना. कुंडीत लावलं, छान आलं होतं." त्यांनी बशीत शेव काढली. "पण मग कुंडीच्या बाहेर, नळाजवळ दोन आलेली दिसली. मी तर तिथे लावली नव्हती! पत्रक काढून पाहिलं. कोणी न लावता, खरखरीत, सगळं जुळलं. मग कुंडीतल्यावरही शंका आली."

"आणि?"

"आणि काय? उपटली. हातमोजे नव्हते तर पिशवी घातली हाताला. घे ना शेव."

मी शेव घेतली. पत्रकाचा परिणाम मोजायचा कसा, यावर आम्ही गटात दोन तास चर्चा केली होती. बाईंकडे तो मोजून तयार होता. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी शेवेची बशी मागे ओढली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी तुझ्या काकीचं दिलेलं उपटलं? तिला सांगू नकोस." मी म्हटलं सांगावं लागेल. त्या म्हणाल्या, "मग सांग की मी एकटीने नाही उपटलं."

घरी येऊन सांगितलं. काकीने ऐकून घेतलं. "आता जसोंडी," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा आवाज शिक्षिकेचा वाटला नाही. तिने जसोंडीला आधी फोन करून विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच तिला नको होतं. हे ती बोलली नाही. फोन तिच्या हातात होता आणि तिने तो ओट्यावर पालथा ठेवला, एवढंच मी पाहिलं.

जसोंडीला काकीची मावसबहीण आहे. मी तिला मावशी म्हणते. त्यांची केळीची बाग आहे, थोडा कापूस. गेल्या वर्षीच्या अहवालात जसोंडीसमोर मी 'वाटप पूर्ण' असं लिहिलं होतं, कारण पत्रकांचा गठ्ठा मी तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती दिला होता आणि त्याने पोहोचला असं सांगितलं होतं. पोहोचला होता. मावशीच्या मागच्या दारी पाण्याची प्लास्टिकची टाकी आहे. तिच्या एका बाजूखाली तो गठ्ठा होता, सुतळी न सोडलेला.

"तुमचेच कागद ते," मावशी म्हणाली. "टाकी हालत होती. आता नाही हालत."

टाकीच्या पलीकडे, ठिबकच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं त्या जागी, गावजबान उभी होती. दोन झाडं. कमरेला लागतील एवढी, निळ्या फुलांनी भरलेली, आणि प्रत्येक फांदीला मधमाश्या लटकलेल्या. मी फुलासकट ते झाड आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहत होते. जसोंडीत माझं पत्रक एकाही माणसाने वाचलं नव्हतं, म्हणून जसोंडीत गावजबान होती. हे वाक्य मी अहवालात घालू शकले नाही, इथे घालते.

मी पिशवीतून खुरपी काढली. विचार असा होता की दोन्ही झाडं मातीसकट उचलायची आणि संध्याकाळपर्यंत काकीच्या दारात नेऊन ठेवायची.

"हे काय करते वं तू?"

"नेते ना काकीकडे."

मावशीने खुरपी माझ्या हातातून घेतली आणि कमरेला खोचली. मग काकीला फोन लावला, स्पीकरवर. "ताई, तुई पोरगी आली. झाड खांदून नेते म्हणते."

पलीकडून काकी म्हणाली, "आहे?"

"दोन हाय. फुलावर."

"फुलावर," काकी म्हणाली. "हात लावायचा नाही म्हणावं. मूळ सरळ खाली जातं. तुटलं की गेलं. बी तिथेच धरू दे."

"किती दिवस?" मी ओरडून विचारलं.

"त्याला लागतील तितके."

"ऐकलं?" मावशी म्हणाली. "आता बस."

बसायचं म्हणजे खरंच बसायचं होतं. एका फुलाखाली हिरव्या केसाळ वाटीत चार दाणे असतात. ते एकाच वेळी पिकत नाहीत. हिरवे असताना काढले तर उगवत नाहीत, काळे झाले की आपोआप खाली पडतात आणि मातीत मिसळले की सापडत नाहीत. मावशीने जुन्या धोतराचा तुकडा दिला, तो बुंध्याभोवती अंथरायचा, दर दोन-तीन दिवसांनी झटकून दाणे वेचायचे. मावशीला केळीचं काम असतं, ती वेचणार नव्हती. "तुले पाहिजे ना, मंग तू ये." मी माघभर बसने जात-येत राहिले. मी आजवर जी कामं केली ती एका रविवारात संपणारी होती, फोटोसह. या कामाचा फोटो निघत नाही. धोतराच्या तुकड्यावर तीन दाणे, हा फोटो कोणाला पाठवणार?

तिसऱ्या खेपेला मावशी म्हणाली, "नुसती बसून राह्यते. बांधावर गाजरगवत हाय, ते तरी काढ. तुमचंच काम हाय ना ते?"

बांधावर मी गेले आणि मला कळलं की मी आजवर गाजरगवत कधी स्वतः उपटलेलंच नाही. माझ्याकडे माइक असायचा. मी एका झुडपाला हात घातला.

"ती शेवंती हाय माय," मावशी मागून म्हणाली. "देवाले वाहतो आम्ही."

मग तिने मला दाखवलं. गाजरगवताचं पान हे असं चिरलेलं, खोडावर उभ्या रेघा, फूल पांढरं बारीक. तिने एक उपटून माझ्या हातात दिलं, एक शेवंतीची फांदी दुसऱ्या हातात दिली आणि म्हणाली, "पाय आता." पाहिलं. पुढे तिने व्हॉल्व्हजवळ आणून गावजबानच्या पानावरून माझा अंगठा फिरवला. अगदी अडाण्यालाही हे तिन्ही वेगळे कळले असते. पत्रकात हे लिहायला तीन ओळी लागल्या असत्या. घोषणेने तेवढी जागा खाल्ली होती.

फाल्गुनात ऊन चढलं, झाडं खालून तपकिरी होत गेली आणि होळीच्या आसपास वाळली. सगळे मिळून दाणे होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत तळाशी बसतील एवढे जमले. मावशीने त्यातले चार दाणेही मागितले नाहीत, म्हणाली इथे खाली पडलेत ते पुरे. मी बाटली काकीच्या हातात दिली. काकीने झाकण काढून वास घेतला, दोन दाणे नखाने दाबून पाहिले आणि फक्त "जेवलीस का?" विचारलं.

अर्धे तिने बाटलीत ठेवले, अर्धे कागदात बांधून राखेच्या डब्यात. श्रावणात बाटलीतल्या दाण्यांना बुरशी आली. राखेतले वाचले. तोवर जसोंडीला मावशीच्या मुलाने मागच्या दाराची जागा सपाट करून नवी केळी लावली. मशीन आलं आणि टाकी, गठ्ठा, माती, खाली पडलेलं बी, सगळं एका दुपारी गेलं. मावशीने फोन करून सांगितलं, तिला वाईट वाटत होतं.

म्हणजे आज जे आहे ते एवढंच आहे. दसऱ्यानंतर काकीने मला वाफ्यापाशी बसवलं आणि राखेतले सगळे दाणे माझ्या हाताने पेरायला लावले. ती ओट्यावर खुर्चीत बसून सांगत होती: एक पेर खोल, जास्त नको, पुढचा वीतभर लांब, अंगठ्याने मोजू नको, वीत म्हणजे वीत. आठवड्याभरात पहिली दोन पानं आली, गुळगुळीत, काहीच ओळख न देणारी. तिसरं पान आलं ते खरखरीत. एकोणीस रोपं आहेत. या घडीला प्रत्येक रोप माझ्या करंगळीएवढं आहे, फुलं यायला महिन्याच्या वर अवकाश आहे, आणि गेल्या वर्षी ती ज्या उंचीची असताना उपटली गेली, त्या उंचीला ती आणखी पंधरा दिवसांनी पोहोचतील.

पंधरा दिवसांनी मोहीम आहे. पत्रक पुन्हा छापलं आहे, या वेळी रंगीत, आणि तळाची ती ओळ आणखी मोठी केली आहे, कारण ती लोकप्रिय आहे. मी बैठकीत विरोध केला. विरोध एक, बाजूने अकरा, त्याची नोंद झाली. मी गट सोडलेला नाही, कारण गाजरगवत वाईटच आहे आणि ते गेलं पाहिजे. पण पत्रक आता गटाच्याही हातात नाही. ते फोनवरून फिरतं आहे, गावोगाव, खाली कोणाचंही नाव नाही. मागच्या आठवड्यात ते मला अशा माणसाकडून आलं ज्याला ते मी लिहिलंय हे माहीत नाही. त्याने खाली लिहिलं होतं, "ज़रूर पढ़ें." काकीला मी पाटी लावू का विचारलं. ती म्हणाली, पाट्या लावणारी माणसं पाट्या वाचत नाहीत, तू तोंडाने सांग.

म्हणून सांगते. तुम्हाला, जे हे वाचत आहात. पत्रक तुमच्याकडे आलं असेल तर पुढे पाठवू नका. आणि या मार्गशीर्षात तुम्ही हातमोजे घालून कोणाच्याही फाटकाशी पोहोचलात, आमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या, तर वाकू नका. बेल वाजवा. बेल बंद असेल तर हाक मारा. ओट्यावर कोणी पेपर वाचत बसलेलं असेल तर त्याने चहा दिला म्हणजे परवानगी दिली असं समजू नका. घरातली जी बाई ते झाड लावते तिला बाहेर येऊ द्या, हे काय आहे ते तिला विचारा, आणि ती सांगेपर्यंत हात खिशात ठेवा.